अमेरिकन घराण्याचा वंशशोध : काही व्यावहारिक सूचना

१८५९ च्या डिसेंबरात इलिनॉय राज्यातील एका स्नेह्याच्या आग्रहावरून अब्राहम लिंकन यांनी आपल्या आयुष्याची जी त्रोटक हकीकत लिहून दिली, तीत पूर्वजांविषयी त्यांना चार-सहा वाक्यांपलीकडे काही सांगता आले नाही. आजोबा व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीतून १७८१-८२ च्या सुमारास केंटकीत आले व तेथे मूलनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले, त्याआधी हे कुटुंब पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीत होते, एवढीच माहिती त्यांच्यापाशी होती. न्यू इंग्लंडमधील लिंकन नावाच्याच एका जुन्या घराण्याशी आपला संबंध जोडून पाहण्याचा प्रयत्न झाला होता. पण दोन्हीकडे एनॉक, लेवी, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी सारखी नावे आढळतात, याखेरीज त्यातून काही निष्पन्न झाले नाही, असेही त्यांनी त्यात नमूद केले. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी संशोधकांनी हा संबंध कागदोपत्री सिद्ध केला. लिंकन ज्या घराण्याच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबले होते, तेच त्यांचे घराणे होते. इंग्लंडातील नॉरफक परगण्यातून १६३७ साली मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम गावी येऊन राहिलेला सॅम्युअल लिंकन हा त्यांचा मूळपुरुष, आणि स्वतः अध्यक्ष लिंकन त्याच्यापासून सातव्या पिढीचे.

जे कायदेपंडित लिंकनना साधले नाही ते पुढील संशोधकांना साधले, याचे कारण असे की लिंकन यांच्या हाती नावे होती, आणि संशोधकांच्या हाती खरेदीखते, मृत्युपत्रे व वारसाहक्काचे कागद आले. एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही अमेरिकन कुटुंबाचा माग काढू पाहणाऱ्याने हा भेद आरंभीच मनात पक्का करून घ्यावा. नावाचा सारखेपणा हा शोधाला दिशा देतो, पुरावा देत नाही. दोन पिढ्यांना जोडणारा दुवा बहुधा जमिनीच्या, वारशाच्या किंवा विवाहाच्या दस्तऐवजातच सापडतो, आणि तो दस्तऐवज कोणत्या कचेरीत पडून असेल हे त्या काळचा कायदा व त्या काळची हद्द कळल्याशिवाय कळत नाही. या लेखात पुढे जे सांगावयाचे आहे ते सारे याच एका गोष्टीचे विवरण आहे.

मराठी वाचकाला या शोधाचे प्रयोजन काय, अशी शंका कोणाला येईल तर तिचे उत्तर सोपे आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या आता तेथील जुन्या घराण्यांशी सोयरिकी झाल्या आहेत, आणि त्या घरांतील मुलांना आपल्या दोन्ही कुळांचा वृत्तांत हवासा वाटतो. आपल्या इतिहासाच्या अभ्यासकालाही ही वाट पदोपदी लागते. जोतीराव फुले यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा अहमदनगरच्या ज्या शाळेतून मिळाली ती चालविणाऱ्या सिंथिया फॅरार बाई, कोल्हापुरात मिशन स्थापन करणारे रॉयल वाइल्डर, आनंदीबाई जोशी यांना न्यू जर्सीतील रोझेल गावी पोटच्या मुलीप्रमाणे सांभाळणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर, ही सारी माणसे कोणत्या घरांतून आली हे पाहू जाता आपणांस अमेरिकन दप्तरांच्या दारातच जाऊन उभे राहावे लागते.

शोधाचा क्रम नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे अलीकडच्या पिढीकडून मागच्या पिढीकडे असावा. एखादा नामांकित पुरुष धरून त्याच्यापासून आपल्यापर्यंत खाली उतरू पाहणारे बहुतेक सगळे वाट चुकतात. प्रथम घरातील कागद पाहावेत. प्रोटेस्टंट कुटुंबांत घरच्या बायबलमध्ये जुन्या व नव्या कराराच्या दरम्यान काही कोरी पाने बांधलेली असत, व त्यांवर जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी होत. अशी प्रत हाती आली की नोंदी उतरून घेण्यापूर्वी तिच्या मुखपृष्ठावरील छपाईचे वर्ष पाहावे. ग्रंथ १८४० साली छापलेला असून नोंदी १७९० पासूनच्या असतील, आणि त्या सगळ्या एकाच शाईने व एकाच वळणात लिहिलेल्या असतील, तर त्या घटना घडल्या त्या वेळच्या नसून मागाहून आठवणीने किंवा दुसऱ्या कागदावरून उतरलेल्या आहेत हे उघड आहे. उलट, शाई बदलत गेली आहे, अक्षर बदलले आहे, शेवटच्या नोंदी थरथरत्या हाताच्या आहेत, अशा पानाला अस्सल कागदाचे मोल द्यावे. जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेली जुनी छायाचित्रेही पालथी करून पाहावीत. मागे छायाचित्रकाराचे नाव व गाव असते, आणि क्वचित करवसुलीचे तिकीट लावलेले असते. छायाचित्रांवर असा कर १८६४ ते १८६६ एवढ्याच काळात होता, तेव्हा तिकीट असलेल्या चित्राचा काळ निश्चित झालाच म्हणून समजावे.

घरातील कागद संपले की खानेसुमारीकडे वळावे. अमेरिकेची पहिली खानेसुमारी १७९० साली झाली व त्यानंतर दर दहा वर्षांनी ती अखंड चालू आहे. व्यक्तिगत तपशील बहात्तर वर्षे गुप्त ठेवण्याचा दंडक असल्यामुळे १९५० पर्यंतचे तक्ते आज कोणालाही पाहता येतात. १७९० पासून १८४० पर्यंतच्या तक्त्यांत मात्र केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असून बाकीची माणसे वयोगटांच्या रकान्यांत आकडे म्हणून बसविलेली आहेत. १८५० साली पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय, जन्मस्थान, व्यवसाय व स्थावराची किंमत नोंदली गेली. म्हणून १८५० हे वर्ष या शास्त्रात एखाद्या घाटमाथ्यासारखे आहे, त्याच्या अलीकडचा मुलूख दूरवर दिसतो आणि पलीकडे उतरताना मात्र पाऊल जपून टाकावे लागते. तथापि १८५० ते १८७० या तिन्ही खानेसुमाऱ्यांत माणसांचे परस्परांशी नाते लिहिलेले नाही. एका घरात चाळीस वर्षांचा पुरुष, तीस वर्षांची स्त्री व पंधरा वर्षांची मुलगी दिसली की ती आई-बाप व लेक असे मानण्याचा मोह होतो, पण ती स्त्री दुसरेपणाची असेल, मुलगी पुतणी असेल, किंवा केवळ घरकामाला ठेवलेली असेल. नात्याचा रकाना १८८० साली आला, आणि त्याच वर्षी प्रत्येकाच्या आईचे व बापाचे जन्मस्थानही विचारले गेले. १८९० चे तक्ते वॉशिंग्टन येथील वाणिज्य खात्याच्या इमारतीला जानेवारी १९२१ मध्ये लागलेल्या आगीत जळाले वा भिजून निकामी झाले, आणि उरलेले पुढे नष्ट करण्यात आले. त्यामुळे १८८० ते १९०० ही वीस वर्षांची पोकळी राज्यांच्या स्वतंत्र शिरगणत्या, शहरांच्या वार्षिक निर्देशिका व करांच्या याद्या यांनी भरून काढावी लागते. १९०० च्या तक्त्यात जन्माचा महिना व वर्ष, लग्नाला झालेली वर्षे, आणि आईला झालेली एकूण मुले व त्यांपैकी हयात असलेली मुले हे रकाने आहेत. लहानपणी गेलेल्या मुलांचा पत्ता पुष्कळदा या शेवटच्या रकान्यावरूनच लागतो.

खानेसुमारीतील वयांवर मात्र फार विसंबू नये. लिंकन यांचेच घर पाहा. १८५० साली स्प्रिंगफील्ड येथील तक्त्यात त्यांच्या पत्नी मेरी यांचे वय २८ लिहिले आहे आणि १८६० साली ३५. म्हणजे दहा वर्षांत त्या सातच वर्षांनी वाढल्या. त्यांचा जन्म डिसेंबर १८१८ मधला, तेव्हा दोन्ही वेळा वय कमीच सांगितले गेले. प्रगणकाने माहिती घरातल्या कोणाकडून घेतली, का शेजाऱ्याकडून, हे त्या काळच्या तक्त्यांत नमूद नसते. म्हणून एका खानेसुमारीवरून जन्मवर्ष ठरवू नये, तीन-चार ताडून पाहाव्यात. १८५० च्या फेब्रुवारीत वारलेला लिंकन यांचा धाकटा मुलगा एडी हा १ जूनच्या स्थितीवर आधारलेल्या मुख्य तक्त्यात अर्थातच नाही. त्याची नोंद स्वतंत्र मृत्युतक्त्यात पाहावी लागते. १८५० ते १८८० या चार खानेसुमाऱ्यांबरोबर आधीच्या बारा महिन्यांत वारलेल्यांचे असे तक्ते केले जात, आणि नवशिके संशोधक ते हमखास विसरतात.

नावांच्या वर्णलेखनाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लिंकन यांचे वडील टॉमस यांचे आडनाव केंटकीतील कागदांत ‘लिंकहॉर्न’ असेही लिहिलेले आढळते, कारण कारकून ऐकले तसे लिहीत. सारख्या उच्चाराची आडनावे एकत्र आणण्यासाठी साउंडेक्स नावाची एक संकेतपद्धती विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली व खानेसुमारीच्या सूची तिच्यावर रचल्या गेल्या. पण तिच्या नियमाने लिंकनचा संकेत एल-५२४ येतो व लिंकहॉर्नचा एल-५२६, म्हणजे एकाच माणसाच्या दोन नोंदी दोन वेगळ्या खणांत जाऊन पडतात. म्हणून सूचीत नाव न मिळाल्यास शोध सोडू नये. गाव ठाऊक असेल तर त्या गावाची पाने एकामागून एक वाचून काढावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यात शेजारी कळतात, आणि शेजाऱ्यांचे महत्त्व पुढे येणारच आहे.

आता मुख्य विषय काउंटीचा, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाचा. न्यू इंग्लंडमध्ये बऱ्याच नोंदी गावाच्या दप्तरात, तर इतर बहुतेक राज्यांत विवाह, जमीन, मृत्युपत्रे व दावे यांचे सारे दप्तर काउंटीच्या न्यायालयात असते. लुईझियानात या विभागाला पॅरिश म्हणतात. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद मॅसॅच्युसेट्सने १८४१ साली राज्यभर सुरू केली, पण पेनसिल्व्हेनियासारख्या जुन्या राज्यातही ती १९०६ पर्यंत नव्हती. तेव्हा एकोणिसाव्या शतकातील माणसाचा जन्मदाखला मिळत नाही म्हणून हताश होण्याचे कारण नाही, तो बहुधा कधी लिहिलाच गेला नव्हता. विवाहाच्या नोंदी मात्र काउंटीत फार आधीपासून आहेत. काउंट्यांच्या हद्दी वारंवार बदलत, मोठीतून लहान निघे, आणि जुने कागद बहुधा मूळ काउंटीतच राहत. कुटुंब एका जागेवरून हलले नाही तरी त्याचे दप्तर तीन कचेऱ्यांत विखुरलेले असू शकते. यासाठी शोधाच्या आधी त्या त्या वर्षाचा हद्दीचा नकाशा मिळवावा, आणि कचेरी जळाल्याचा इतिहास असेल तर तोही पाहावा. दक्षिणेत अशी जळालेली दप्तरे पुष्कळ आहेत.

लिंकन यांच्या आई-वडिलांच्या विवाहाची कथा या बाबतीत मोठी बोधप्रद आहे. टॉमस लिंकन व नॅन्सी हँक्स यांच्या लग्नाची नोंद लोक हार्डिन काउंटीत धुंडाळीत राहिले, कारण कुटुंब तेथे राहत होते. ती तेथे मिळेना, आणि राजकीय वैऱ्यांनी व बाजारगप्पांनी त्यावरून त्या साध्वी स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविले. अखेर १८७८ साली, म्हणजे अध्यक्षांच्या हत्येनंतर तेरा वर्षांनी, शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या न्यायालयात धूळ खात पडलेले कागद हाती आले. १० जून १८०६ चा, पन्नास पौंडांचा, टॉमस लिंकन व वधूचे पालक म्हणून रिचर्ड बेरी यांच्या सह्यांचा जामीनकतबा, आणि धर्मोपदेशक जेसी हेड यांनी दिलेली १२ जूनच्या विवाहाची यादी. लग्न वधूच्या घरी होते, तेव्हा नोंद वधूच्या काउंटीत होते, एवढी साधी गोष्ट लक्षात घेतली असती तर एका कुटुंबाची बदनामी टळली असती. जामीनकतब्यावर सही करणारा इसम बहुधा वधूचा बाप, भाऊ किंवा पालक असतो. त्याचे नाव कधीही सोडू नये.

आणि आता जमीन. लिंकन घराण्याचा दुवा जुळला तो कसा, हे पाहण्याजोगे आहे. हिंगहॅमच्या सॅम्युअलचा नातू मॉर्डेकाय हा न्यू जर्सीत गेला व तेथून पेनसिल्व्हेनियात. फेब्रुवारी १७३५/३६ मध्ये पेनसिल्व्हेनियात केलेल्या मृत्युपत्रात त्याने न्यू जर्सीमधील जमीन आपला मुलगा जॉन याला ठेवली. दोन प्रांतांतील दोन मॉर्डेकाय एकच, आणि जॉन त्याचा मुलगा, हे त्या एका कलमाने ठरले. हाच जॉन पुढे व्हर्जिनियात शेनँडोआ खोऱ्यात गेला, आणि १७७३ साली त्याने व त्याची पत्नी रिबेका हिने लिनव्हिल क्रीकवरील आपली जमीन अब्राहम व आयझॅक या वडील मुलांना लावून दिली. हा अब्राहम म्हणजे केंटकीत १७८६ साली मारला गेलेला, अध्यक्षांचा आजा. तो मृत्युपत्र न करता गेला, आणि वडील मुलालाच सर्व स्थावर देणारा व्हर्जिनियाचा जुना कायदा १७८७ च्या १ जानेवारीपर्यंत अमलात असल्याने इस्टेट त्याचा थोरला मुलगा, दुसरा मॉर्डेकाय, याच्याकडे गेली, धाकटा टॉमस कोरडाच राहिला. कागदात टॉमसचे नाव दिसत नाही म्हणून तो त्या बापाचा मुलगा नव्हे असे अनुमान काढणारा त्या काळचा कायदा न वाचताच बोलतो. वरील मृत्युपत्राचे दुहेरी वर्ष पाहून कोणी गोंधळू नये: १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चमधील तारखांना दोन वर्षे लिहिण्याची चाल होती. तसेच अमेरिकन लोक तारीख लिहिताना महिना आधी घालतात. ६/१२/१८०६ म्हणजे १२ जून, ६ डिसेंबर नव्हे.

खरेदीखत वाचताना विकत देणाऱ्याच्या बायकोकडे लक्ष द्यावे. नवऱ्याच्या स्थावरात विधवेचा हिस्सा कायद्याने असल्यामुळे विक्रीच्या वेळी तिची संमती वेगळी घेतली जाई, आणि पुष्कळ स्त्रियांचे पहिले नाव दप्तरात येते ते याच निमित्ताने. तिचे माहेरचे आडनाव मात्र तिच्या बापाच्या मृत्युपत्रात ‘माझी मुलगी अमुक, तमुकाची बायको’ अशा कलमातच सापडायचे. म्हणून ज्या गावात लग्न झाले असेल त्या गावातील, वधूच्या बापाच्या वयाच्या माणसांची सारी मृत्युपत्रे वाचणे हा राजमार्ग होय. साक्षीदार, चतुःसीमेला लागून असलेले खातेदार, मृत्युपत्राचे व्यवस्थापक, यांची नावे टिपून ठेवावीत. त्या काळी माणसे एकटी स्थलांतर करीत नसत. बर्क्स काउंटीत लिंकन व बून ही घराणी शेजारी होती, त्यांच्यात सोयरिकी झाल्या, आणि डॅनियल बून ज्या केंटकीचा वाटाड्या म्हणून प्रसिद्ध पावला तेथेच लिंकनही गेले. आपले कुटुंब मागच्या ठिकाणी हरवले तर शेजाऱ्यांचा माग काढावा. ते जेथून आले असतील तेथे आपलेही सापडण्याचा संभव फार.

मूळ तेरा राज्ये, केंटकी, टेनेसी, टेक्सस व आणखी काही राज्ये सोडली तर बाकीच्या देशात जमीन प्रथम संघसरकारची होती, व १७८५ च्या कायद्याने तिची चौरस मोजणी झाली: सहा मैलांचा चौरस, त्याचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. केंटकीत झाडे, ओढे व दगड यांच्या खुणांनी आखलेल्या हद्दी एकमेकींत शिरत, आणि हक्कांच्या त्या कज्जांना कंटाळून टॉमस लिंकन १८१६ साली इंडियानात गेला. तेथे व्हिन्सेन्सच्या भूमिकचेरीत १८१७ साली त्याने १६० एकरांची नोंद केली. संघसरकारने दिलेल्या जमिनींच्या सनदा आज सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. सनदेत मात्र फारशी माहिती नसते, खरी संपत्ती तिच्यामागच्या फायलीत असते. विशेषतः १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर मिळविणाऱ्याला पाच वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा द्यावा लागे, आणि त्या पुराव्यात घराची लांबी-रुंदी, मुलांची संख्या, लागवडीखालचे एकर, साक्षीदारांच्या जबान्या, परदेशी जन्म असल्यास नागरिकत्वाची नक्कल, असे सारे येते. ही फाईल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यातून मागवावी.

तेथूनच मागविण्याजोगी दुसरी मोलाची वस्तू म्हणजे यादवी युद्धातील सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फायली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन कुटुंबावर याइतका भरघोस कागद दुसरा नाही. विधवेने अर्ज केला असेल तर लग्नाचा पुरावा, प्रत्येक मुलाची जन्मतारीख, सुईणीचे व शेजारणींचे प्रतिज्ञालेख, आणि कित्येकदा घरच्या बायबलमधून फाडून जोडलेले पान, हे सर्व एका बासनात मिळते. दक्षिणेकडील बंडखोर सैन्यातील माणसांना संघसरकार वेतन देत नसे. त्यांची प्रकरणे त्या त्या राज्याच्या दप्तरात पाहावीत.

कुटुंब बाहेरून आलेले असेल तर १८२० पासून बंदरांवर दाखल झालेल्या उतारूंच्या याद्या आहेत. न्यूयॉर्कला १८५५ ते १८९० या काळात आगतांची तपासणी कॅसल गार्डन येथे होई. एलिस बेटावरचे ठाणे १८९२ च्या १ जानेवारीस उघडले, म्हणून १८७० साली आलेला आजोबा एलिस बेटावर उतरला असे कोणी सांगेल तर ते मान्य करू नये. त्या बेटावरील कारकुनांनी आडनावे बदलली ही समजूतही निराधार आहे. त्यांच्यापुढे असलेल्या याद्या जहाज निघाले त्या बंदरावर तयार झालेल्या असत, आणि नाव बदलले असेल तर ते पुढे माणसाने आपणहून बदलले. नागरिकत्वाचे कागद १९०६ पूर्वी कोणत्याही न्यायालयात होत व त्यांत मूळ गाव क्वचितच असते. ते गाव कळण्याची आशा चर्चच्या वहीत, थडग्यावरील लेखात व स्थानिक वृत्तपत्रातील मृत्युलेखात अधिक. जर्मन कुटुंब असल्यास हँबर्ग बंदराच्या १८५० पासूनच्या याद्या टिकून आहेत, त्या अवश्य पाहाव्यात.

ज्यांचे पूर्वज गुलामगिरीत होते त्या कुटुंबांची वाट फार बिकट आहे, आणि ती बिकट असण्याचे कारण अन्याय हेच आहे. १८५० व १८६० साली गुलामांचे वेगळे तक्ते झाले, त्यांत मालकाचे नाव आहे, आणि त्याखाली माणसांची वये, लिंग व वर्ण, नावे नाहीत. सर्व मुक्त झालेल्यांची नावे पहिल्यांदा १८७० साली आली. तेथून मागे जाण्यासाठी मार्च १८६५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रीडमेन्स ब्यूरोचे दप्तर पाहावे, त्यात मजुरीचे करार व मुक्तीनंतर नोंदविलेले विवाह आहेत. त्याहून हृदयस्पर्शी म्हणजे १८७४ साली बुडालेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेदारांच्या वह्या, ज्यांत खातेदाराने आपल्या आई-बापांची, भावंडांची, विकल्या गेलेल्या मुलांचीही नावे सांगितलेली असतात, व कधी जुन्या मालकाचे नावही. संघसैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांच्या वेतनाच्या फायलीही पाहाव्यात. मालक निश्चित झाला की त्याचे मृत्युपत्र, मालमत्तेच्या याद्या व वाटपपत्रे वाचावी लागतात, कारण माणसांची नावे तेथे गुराढोरांच्या व भांड्याकुंड्यांच्या ओळीत लिहिलेली असतात. मुक्त माणसाचे आडनाव शेवटच्या मालकाचेच असते असे गृहीत धरू नये. ते आधीच्या मालकाचे असेल, किंवा त्याने स्वतः निवडलेले असेल. ज्या मुक्तीसाठी फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तिच्या अलीकडचे व पलीकडचे हे दप्तर आपल्या अभ्यासकांनी एकदा तरी उघडून पाहावे असे मला मनापासून वाटते.

मिशनरी कुटुंबांच्या शोधात एक सोय आहे: संस्थेचे पत्रव्यवहार जपलेले आहेत. अमेरिकन मराठी मिशन चालविणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयात आहेत. ही माणसे बहुधा न्यू इंग्लंड व न्यूयॉर्क भागातील लहान गावांतली, तेव्हा गावदप्तरे व गावांचे छापील इतिहास उपयोगी पडतात. त्यांची मुले मुंबईत किंवा अहमदनगरला जन्मून शिक्षणासाठी अमेरिकेत परतलेली असतात, आणि खानेसुमारीत जन्मस्थानापुढे ‘भारत’ असे आढळले की ते घर ओळखू येते. कार्पेंटर कुटुंबाचा शोध घेणाऱ्याने न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सीच्या दफनभूमीपासून आरंभ करावा. तेथे त्या कुटुंबाच्या जागेत आनंदीबाईंची रक्षा पुरलेली आहे. अशा कौटुंबिक जागेवरील सगळ्या शिळा वाचाव्यात, आणि दफनभूमीच्या कचेरीत ती जागा कोणी विकत घेतली व तीत कोणकोण आहे याची वही असते, तिची नक्कल मागावी. शिळा नसलेली माणसे त्या वहीतच भेटतात.

छापील वंशावळींविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. १८९० नंतर वंशाभिमानी संस्था निघाल्या तशी पैसे घेऊन थोर कुळे जुळवून देणारी माणसेही निघाली; गुस्ताव्ह आंजू नावाच्या इसमाने बनावट वंशावळी रचून श्रीमंतांना विकल्या, आणि त्या आजही ग्रंथालयांत आहेत. संगणकावरील वंशवृक्षांत तर एकाची चूक हजारजण उतरून घेतात. छापील ग्रंथ असो वा पडद्यावरचा वृक्ष, प्रत्येक विधानापुढे अस्सल कागद कोणता हे विचारावे, व कागद नसेल तर ते विधान केवळ तपासण्याजोगी सूचना म्हणून टिपून ठेवावे. रक्तपरीक्षेसारखी जनुकीय परीक्षा आता उपलब्ध आहे. नॅन्सी हँक्स ही लूसी हँक्सची मुलगी होती की नाही या शंभर वर्षांच्या वादात २०१५ साली स्त्रीवंशातून येणाऱ्या जनुकांच्या तुलनेने लूसीच्या बाजूने कौल मिळाला. पण तेथेही आधी कागदांवरून आजच्या वंशजांपर्यंत वंश निश्चित करावा लागला, मगच परीक्षेला अर्थ आला.

एवढे साहित्य पूर्वी प्रवासाशिवाय हाती येत नसे. १८९४ साली स्थापन झालेल्या यूटाच्या वंशशास्त्र संस्थेने १९३८ पासून जगभरच्या दप्तरांची सूक्ष्मचित्रे घेतली आणि ती आज ‘फॅमिलीसर्च’ या नावाने घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. वर सांगितलेल्या बहुतेक काउंट्यांच्या मृत्युपत्र-पुस्तकांची पाने तेथे आहेत. कचेरीला पत्र लिहावयाचे झाल्यास एका पत्रात एकाच माणसाविषयी, अंदाजे वर्षासह, एकच गोष्ट विचारावी, आणि उताऱ्याऐवजी संपूर्ण दस्तऐवजाची नक्कल मागावी, कारण साक्षीदार व शेजारी उताऱ्यात गळतात.

शेवटी वाचकांना एक विनंती. अहमदनगर, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतील जुन्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या व दफनाच्या वह्या, मिशनच्या शाळांचे हजेरीपट, ख्रिस्ती कुटुंबांच्या पेट्यांतील पत्रे व दफनभूमीतील झिजत चाललेल्या शिळा यांत कित्येक अमेरिकन घराण्यांचा हरवलेला अर्धा वृत्तांत आहे, आणि त्यांचे वंशज तो तिकडून शोधीत आहेत. असे काही आपल्या गावी असेल तर पावसाळ्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत, कोणत्या वहीचे कोणते पान ते त्यावर लिहावे, आणि एक प्रत जिल्ह्यातील एखाद्या ग्रंथालयात ठेवावी.